अकुंत्सू भाषेची ट्रीबँक : आकाराने लहान, कामाने मोलाची

ब्राझीलच्या रोंदोनिया राज्यात ओमेरे नदीच्या परिसरात अकुंत्सू ही तुपी कुळातली भाषा बोलली जाते. १९९५ साली फुनाई या सरकारी संस्थेचा या समाजाशी पहिला संपर्क झाला, तेव्हा जमीन बळकावणाऱ्यांच्या हल्ल्यांतून अवघी ७ माणसे वाचली होती. त्यांपैकी आज तीन स्त्रियाच उरल्या आहेत. त्यांच्या भाषेतली वाक्ये अन्वयासह कोणालाही मोफत उतरवून घेता येतात, एवढ्यासाठीही अनेक भाषांतली वाक्ये एकाच पद्धतीने मांडणाऱ्या ‘युनिव्हर्सल डिपेंडन्सीज’ प्रकल्पातल्या या ट्रीबँकेचे, म्हणजे वाक्यांतल्या शब्दांचे परस्परसंबंध नोंदवणाऱ्या संग्रहाचे, ऋण मानावेसे वाटते. कारोलिना आरागोन यांनी या भाषेच्या व्याकरणावर २०१४ मध्ये लिहिलेला प्रबंध हा या ट्रीबँकेचा मुख्य आधार आहे.

फाइल साध्या मजकुराची आहे. आधी वाक्य आणि त्याचा अनुवाद येतो; त्याखाली दर ओळीला एक शब्द आणि त्या शब्दाची माहिती देणारे दहा रकाने असतात. सातव्या रकान्यातला आकडा तो शब्द वाक्यातल्या कितव्या शब्दाशी जोडलेला आहे हे सांगतो आणि जिथे शून्य दिसते, त्या शब्दावर सगळे वाक्य उभे असते. ही पद्धत अंगवळणी पडायला वेळ लागतो, पण एकदा ती कळली की अनोळखी भाषेतल्या वाक्याची बांधणीही डोळ्यांसमोर उलगडत जाते. मांडणीची पद्धत सर्व भाषांना एकच असल्यामुळे अकुंत्सूच्याच तुपारी शाखेतल्या माकुराप भाषेशी, किंवा त्याच कुळातल्या पण वेगळ्या शाखेच्या मुंदुरुकू भाषेशी, वाक्यरचना थेट ताडून पाहता येते, आणि माझ्या मते हाच या संग्रहाचा सर्वांत मोठा गुण आहे.

उणिवाही नोंदवायला हव्यात. व्याकरणाचे नियम स्पष्ट करण्यासाठी निवडलेली वाक्ये सुटी असतात, त्यामुळे ते कोण, कोणाला, कशावरून म्हणाले याचा माग लागत नाही. रकान्यांची नावे तांत्रिक आहेत आणि नवख्याला हाताशी धरून नेणारी प्रस्तावना नाही. सर्वांत जास्त खटकतो तो आवाजाचा अभाव. हा सगळा मजकूरच असल्याने उच्चार, स्वराघात, बोलण्यातले थांबे यांतले काहीच ऐकता येत नाही. भाषा बोलायला शिकण्यासाठी म्हणूनच हा संग्रह पुरेसा नाही. वाक्यविचाराच्या अभ्यासकांनी मात्र तो जरूर वापरावा, आणि संपादकांनी पुढील आवृत्तीत, त्या स्त्रियांची संमती असेल तर, निदान काही वाक्यांना ध्वनिमुद्रणाची जोड द्यावी.