पाच इंचांचं पाटा-किट: डब्यावरचा आकडा आणि गाडीखालचा आकडा

१९८६ ते १९९५ च्या अमेरिकी टोयोटा पिकअप आणि ४रनरला पुढे टॉर्शन बारचं (पिळणाऱ्या स्प्रिंग-दांड्याचं) आयएफएस आहे, म्हणजे पुढची दोन्ही चाकं स्वतंत्र हलणारं सस्पेन्शन. ते कापून तिथे १९७९ ते १९८५ च्या पिकअपचा सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध आडवा ॲक्सल) घालायला तयार पाटा-किट (लीफ स्प्रिंगचे संच) मिळतात, ३ पासून ६ इंचांपर्यंतच्या मापांत. हा रिव्ह्यू त्या प्रकारच्या किटचा आहे, एखाद्या ब्रँडचा नाही. भाग सगळ्यांचे साधारण तेच: पुढचा हँगर (पाट्याचं टोक चासीला धरणारा ब्रॅकेट), शॅकलसाठी चासीतून आरपार जाणाऱ्या नळ्या, शॅकल (पाट्याच्या दुसऱ्या टोकाची झुलती कडी), पाटे, यू-बोल्ट, शॉकचे हूप (शॉक ॲब्सॉर्बरचं वरचं टोक धरणारे वाकवलेले पाइप) आणि स्टिअरिंग बॉक्सची प्लेट. निकाल आधीच सांगून टाकू. ५ इंचांचं घ्या. ४ चं मापं घेऊन मगच घ्या. ३ चं घेऊ नका. ६ चं घेणार असाल तर ॲक्सलच्या हाऊसिंगची (बाहेरच्या नळीची) टोकं कापून फिरवायची तयारी ठेवा.

टॅकोमावाल्यांनी मात्र इथेच थांबावं. १९९५ नंतरच्या टॅकोमात पुढचा प्रोपेलर शाफ्ट ड्रायव्हरच्या, म्हणजे डाव्या, बाजूने उतरतो, जुन्या पिकअपच्या ॲक्सलचं डिफरन्शियल दुसऱ्या बाजूला आहे. त्यासाठी १९७८-७९ च्या फोर्ड एफ-१५० च्या डाना ४४ सारखा ड्रायव्हरच्या बाजूचा ॲक्सल लागतो, आणि मग खाली दिलेली मापं सगळी नव्याने घ्यावी लागतात.

सगळ्यात जास्त घोळ डब्यावरच्या आकड्याने होतो. '५ इंच' हे पाट्याचं नाव आहे, तुमच्या गाडीची उंची नाही. तो पाटा मूळ सॉलिड ॲक्सलच्या पिकअपला लावला तर गाडी कंपनीच्या उंचीपेक्षा ५ इंच वर जाते, एवढाच त्याचा अर्थ. आयएफएसच्या चासीवर उंची ठरते ती हँगर किती खाली लोंबतोय, शॅकल किती लांब आहे आणि पुढे वजन किती आहे यावर. ४ सिलिंडरचं २२आरई इंजिन आणि ३ लिटरचं व्ही-६ एकाच पाट्यावर एका उंचीला बसत नाहीत. त्यात स्टीलचा बंपर आणि विंच लावली की पाटा आणखी बसतो. म्हणून ऑर्डर देताना 'किती इंच' विचारण्यात अर्थ नाही. चासीच्या खालच्या कडेपासून पाट्याच्या डोळ्यापर्यंत (टोकाच्या गोल भोकापर्यंत) अंतर किती, आणि भरलेल्या गाडीखाली पाट्याची कमान किती उरते, हे दोन आकडे विचारा. विकणाऱ्याला ते सांगता येत नसतील तर पुढचं दुकान बघा.

त्या दोन आकड्यांवरून हिशोब असा जातो. समजा पुढचा डोळा चासीखाली ३ इंच, शॅकलचा ४ इंच, म्हणजे सरासरी साडेतीन. भरलेल्या गाडीत कमान अडीच इंच उरते. पाट्याचा मध्य चासीखाली ६ इंचांवर आला. वरची अर्धी थप्पी आणि यू-बोल्टची प्लेट मिळून एक इंच खातात, उरले ५. २ इंचांचा रबरी बंपस्टॉप लावला की चाक वर जायला ३ इंच मोकळे, आणि रबर दबून आणखी एखादा. दगडांवर चालणाऱ्या गाडीला ही कामापुरती चाल झाली. आता याच हिशोबातून २ इंच काढा, म्हणजे ३ इंचांचं किट. चाक एक इंच वर गेलं की रबरावर आपटतं. एवढी कापाकापी करून मूळ आयएफएसपेक्षा टणक गाडी हातात येते, आणि दोष मात्र पाट्यांच्या नावावर जातो.

चासीपाशी जागा मिळाली म्हणून काम झालं असंही नाही. बऱ्याचदा आधी भिडतं ते इंजिनचं चेंबर, म्हणजे खालचं तेलाचं भांडं. आयएफएसमध्ये डिफरन्शियल चासीला बांधलेलं असतं, हलत नाही. सॉलिड ॲक्सलमध्ये तो अख्खा लोखंडी गोळा चाकाबरोबर वर येतो, आणि नकलच्या (चाक वळवणाऱ्या सांध्याच्या) वरच्या आर्मवर घेतलेला टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारा स्टिअरिंगचा दांडा) त्याच्याही आधी येतो. हे तपासायला कागद पुरत नाही. हँगर नुसते टॅक मारून (वेल्डिंगच्या ठिपक्यांनी तात्पुरते) ठेवा, पाट्यांच्या थप्पीतून मेन पाटा तेवढा ठेवून बाकीचे काढा, आणि काढलेल्या पाट्यांच्या जाडीचा लोखंडी ठोकळा मेन पाट्याखाली घाला. हा ठोकळा विसरलात तर सगळी मापं इंचभर खोटी येतात. आता साध्या जॅकवर ॲक्सल हाताने खालीवर करता येतो. चेंबरच्या सगळ्यात खालच्या भागाला मुलांच्या खेळण्यातल्या मातीचे गोळे चिकटवा. ॲक्सल सरळ वर घ्या, मग फक्त डावं चाक बंपस्टॉपपर्यंत आणि उजवं लटकतं, मग उलट. प्रत्येक वेळी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. दबलेल्या गोळ्याची जाडी पाऊण इंचापेक्षा कमी दिसली तर बंपस्टॉप वाढवा किंवा हँगर खाली घ्या. पाऊण इंच एवढ्यासाठी की इंजिन माउंटवर डुलतं आणि रबरही दबतं. तिरकं तपासणं बरेच जण सोडून देतात. सरळ वर नेलं की सगळं मोकळं दिसतं, आणि पहिल्याच खड्ड्यात टाय रॉड चेंबरला जाऊन लागतो.

६ इंचांवर कुरकुर सुरू होते ती स्टिअरिंगपासून. या किटमध्ये ड्रॅग लिंक, म्हणजे स्टिअरिंग बॉक्सची हालचाल चाकाकडे नेणारा दांडा, डाव्या बाजूच्या बॉक्सपासून उजव्या नकलपर्यंत आडवी जाते. ती जेवढी सपाट तेवढी गाडी सरळ. लिंकची लांबी ३४ इंच धरू. दोन टोकांत २ इंचांचा उतार असेल तर चाकं ३ इंच वर गेल्यावर लिंकचं टोक जेमतेम एक मिलिमीटर सरकतं, हातात काही जाणवत नाही. उतार ७ इंच झाला की त्याच ३ इंचांत ते साडेबारा मिलिमीटर सरकतं. ६ इंचांच्या स्टिअरिंग आर्मवर याचा अर्थ चाकं साडेचार अंशांहून जास्त वळली, तुम्ही स्टिअरिंग धरून बसलेले असताना. म्हणून वरचा आर्म हा शोभेचा खर्च नाही. टाय रॉड आणि ड्रॅग लिंक पाट्यांच्या वरून नेणारे आर्म किटमध्ये नसतील तर त्यांचा खर्च किमतीत धरूनच तुलना करा. खाली वाकवलेला पिटमन आर्म (बॉक्समधून निघून ड्रॅग लिंक हलवणारा आर्म) लावूनही उतार कमी होतो, पण बॉक्सवर आणि चासीवर तेवढाच जास्त पीळ येतो. बॉक्सच्या बोल्टना चासीच्या आत नळ्या घालून आरपार वेल्ड केलेल्या हव्यात, नाहीतर बोल्ट आवळताना पोकळ चासी चेपते, आणि पुढे तिथूनच तडा जातो. किटमधली प्लेट जाड असते, पण नळ्या सोबत येतातच असं नाही. ऑर्डरआधी विचारा.

दुसरं दुखणं पिनियन (डिफरन्शियलचं शाफ्ट जोडायचं टोक) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) यांच्या भांडणाचं. ट्रान्सफर केसपासून, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीपासून, पिनियनपर्यंत आडवं अंतर २८ इंच आणि उतार ७ इंच असेल तर शाफ्टचा कोन १४ अंश. तेच किट २ इंचांनी उंच केलं की जवळपास १८, आणि चाक आणखी ४ इंच लटकलं की २५. त्या अवस्थेत शाफ्ट हाताने फिरवून योकचे (शाफ्टच्या टोकाच्या सांध्याचे) कान एकमेकांना घासतायत का ते बघा, आणि स्लिपही (शाफ्टचा लांब-आखूड होणारा सरकता भाग) मोजा: एवढ्या लटकण्यात तो सुमारे दीड इंच बाहेर येतो. कोन वाचवायला पिनियनचं नाक वर उचलावं असं वाटतं. पण नकलचे गोळे हाऊसिंगला वेल्ड केलेले असतात. नाक ८ अंश वर गेलं की कॅस्टरमधूनही ८ अंश गेले. कॅस्टर ३ ते ५ अंशांच्या आसपास हवा. तो उणे झाला की गाडी मोठ्या रस्त्यावर भरकटते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपसूक परत येत नाही. ४-५ इंचांपर्यंत पिनियन जवळपास आडवं ठेवून, फार तर स्टीलच्या पाचराने अंशभर सुधारून भागतं. ॲल्युमिनियमच्या पाचरा चुरडतात, त्या नकोत. ६ इंचांवर गोळ्यांचं वेल्डिंग काढून ते फिरवून परत मारणं, हाच सरळ मार्ग. ते काम जमणारं वर्कशॉप आधी शोधा, किट मागाहून.

मागची बाजू किट विकणारे सहसा सांगत नाहीत. पुढे ५ इंच गेले की मागेही पाटे किंवा लांब शॅकल लागतात. त्या वेळी ब्रेकचा भार मोजणारा व्हॉल्व्ह लक्षात ठेवा. त्याचा दांडा मागच्या ॲक्सलला जोडलेला असतो. चासी वर गेली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागच्या ब्रेकचा दाब कापतो. जेवढी उंची वाढली तेवढाच ॲक्सलवरचा ब्रॅकेट वर घ्यायचा, बस. ब्रेकचे लांब होज पाइप चारही चाकं लटकवून मोजा, गाडी जमिनीवर असताना नाही. रुंदीचंही बघा: आयएफएस गाड्यांचा मागचा ॲक्सल जुन्यापेक्षा एकूण ३ इंच रुंद आहे, म्हणून जुना ॲक्सल पुढे तसाच लावला तर पुढची चाकं दोन्हीकडे दीड-दीड इंच आत बसतात. आयएफएसचे हब किंवा स्पेसर यांनी ते जुळतं.

टायरसाठी उंची वाढवणं हा मात्र महागडा गैरसमज. ३३ चे काढून ३५ चे लावले तर त्रिज्या एकच इंच वाढते. तेवढ्यासाठी ६ इंचांचं किट घेण्यापेक्षा फेंडरची मागची कड कापा, आणि हँगर टॅक करतानाच ॲक्सल एक इंच पुढे सरकवा.

शॉक किटसोबत येत असतील तर त्यांची बंद लांबी मोजा. बंपस्टॉप लागायच्या आधी शॉक बंद होत असेल तर तो शॉक फुटणार किंवा हूप वाकणार. १० इंच चालीचा शॉक ४ वर, ६ खाली असा वाटून बसवला की या उंचीला जमतो. यू-बोल्ट नवेच वापरा, एकदा ताणलेले परत लावू नका. नवे पाटे सुरुवातीला अर्धा-एक इंच बसतात हे धरूनच बंपस्टॉप पक्के करा, आणि पहिल्या खडबडीत फेरीनंतर गाडी जमिनीवर उभी असतानाच यू-बोल्ट पुन्हा आवळा.