विंडोज ११ : स्नॅपसाठी घ्या, राइट क्लिकला वैतागायची तयारी ठेवा

विंडोज ११ म्हटलं की सगळे मधोमध आलेलं स्टार्ट बटण आणि गोल कोपरे यावरच बोलत बसतात, पण त्याची सवय दोन दिवसात होते, आणि नाहीच पटलं तर सेटिंग्जमधून आयकॉन परत डावीकडे घेता येतात, विषय संपला. खरी कमाल आहे ती स्नॅप लेआउटची! कुठल्याही विंडोच्या मॅक्सिमाइज बटणावर माउस नुसता नेऊन ठेवायचा, क्लिक नाही करायचं, लगेच छोटे चौकोन दिसतात, अर्धा-अर्धा, तीन भाग, चार भाग, हवा तो निवडला की विंडो तिथे जाऊन बसते आणि उरलेल्या जागेत काय ठेवायचं त्यासाठी बाकीच्या विंडो समोर येतात. कीबोर्डवरून करायचं तर विंडोज की आणि झेड. माझं काम म्हणजे एका बाजूला पीडीएफ आणि दुसऱ्या बाजूला वर्डमध्ये मराठी टायपिंग, त्यामुळे एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी परत विंडोज १० वर जाणार नाही. बाहेरचा मॉनिटर काढला की त्यावरच्या विंडो मिनिमाइज होतात आणि परत जोडला की जिथल्या तिथे, हे पण मस्त जमवलंय. मराठी फोनेटिक कीबोर्ड (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटतं तो) विंडोज १० मध्ये २०१९ ला आला होता तोच इथेही आहे, विंडोज की आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते.

फाइल एक्सप्लोररला टॅब २०२२ मध्ये मिळाले. नोटपॅडलाही टॅब आहेत, आणि सेव्ह न करता बंद केलं तरी लिहिलेलं परत उघडल्यावर तसंच असतं.

आता राइट क्लिक. कट, कॉपी, पेस्ट हे रोजचे शब्द काढून तिथे नुसती चिन्हं टाकली, २०२४ च्या अपडेटमध्ये त्यांच्याखाली नावं आली तेव्हा कुठे जरा बरं वाटलं. पण जुन्या सॉफ्टवेअरचे बरेच पर्याय अजून 'शो मोअर ऑप्शन्स'च्या आत, म्हणजे दिवसभर फायलींमध्ये काम करणाऱ्याला प्रत्येक वेळी एक क्लिक जास्त, कशासाठी? शिफ्ट धरून राइट क्लिक केलं की जुना मेन्यू थेट उघडतो, हे लक्षात ठेवा. टास्कबारचं तेच, प्रत्येक विंडोचं नाव वेगळं दिसायची सोय २०२१ ला काढली आणि लोकांनी ओरडा केल्यावर २०२३ मध्ये परत दिली. चालू असलेली सोय आधी मोडायचीच कशाला?

आणि सगळ्यात जास्त खटकतं ते हार्डवेअरचं. टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) पाहिजे, इंटेल असेल तर साधारण आठव्या जनरेशनचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर पाहिजे, म्हणजे सातव्या जनरेशनचा चांगला चालणारा आय-फाइव्ह बाद! त्यात विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सेकंडहँड लॅपटॉप घेणार असाल तर दुकानातच पीसी हेल्थ चेक नावाचं मायक्रोसॉफ्टचं फुकट अ‍ॅप टाकून त्यावर विंडोज ११ चालेल का ते बघा, मगच पैसे द्या.