फुकटची सहल आणि पाउणकीचा पाढा: नातवंडांसह ठाणे व नवी मुंबई

आमच्या घरी रविवारची सकाळ नातवंडांची असते, म्हणजे प्रत्यक्षात नातवंडे आमच्या ताब्यात असतात. नातू सहा वर्षांचा आहे, नात साडेतीन वर्षांची आहे, माझ्या उजव्या गुडघ्याने निवृत्तीच्या आधीच निवृत्ती घेतलेली आहे आणि हिला सलग अर्ध्या तासाहून अधिक उभे राहवत नाही. मॉलमध्ये दोन तासांत हजार रुपये कसे सुटतात याचा अनुभव दोनदा घेतल्यावर आम्ही ठरवले की, यापुढे जेथे आत शिरण्यास तिकीट नाही अशाच ठिकाणी जायचे. या नियमाने गेल्या वर्षभरात नौपाड्यातील घरापासून खारघरपर्यंत आम्ही जे पाहिले, त्याचे हे परीक्षण आहे. मुलांना आनंद होतो का, ही कसोटी मी लावलेली नाही, कारण मुलांना वाळूचा ढीग आणि एक काठी मिळाली तरी आनंद होतो. बसायला जागा, सावली आणि उघडे असलेले स्वच्छतागृह या तीन गोष्टी मी पाहिल्या. त्या नसल्या तर आजी-आजोबांची सहल पाऊण तासात आटोपते.

सर्वांत सोपे ठिकाण म्हणजे पाचपाखाडीतील कचराळी तलाव. महापालिका मुख्यालयासमोर असल्याने तो सापडतोच आणि घेर लहान असल्यामुळे साडेतीन वर्षांच्या पावलांना पूर्ण फेरी झेपते. सकाळी चालायला येणाऱ्यांची गर्दी असते व त्यांच्या वेगात मुले आडवी येतात, म्हणून आम्ही कडेकडेने चालतो. येथे नातवाला ढोकरी दाखवता आली, हा माझ्या मते या तलावाचा सर्वांत मोठा गुण. ढोकरी काठावर मान आखडून बसलेली असते तेव्हा मातकट रंगाची, वाळक्या पानासारखी दिसते आणि शेजारून गेले तरी लक्षात येत नाही. मात्र ती उडाली की पंख पांढरेशुभ्र दिसतात आणि आपण दुसराच पक्षी पाहिला असे वाटते. नातवाने पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा त्याला ती जादू वाटली आणि पुढच्या दोन फेऱ्या तो प्रत्येक दगडाकडे संशयाने पाहत होता. तासाभराची, दमवणूक न करणारी सहल हवी असेल तर कचराळी उत्तम आहे. त्याहून अधिक वेळ मात्र तेथे जाणार नाही.

तलावपाळीविषयी लिहिताना हात थोडा आखडता घ्यावा लागतो, कारण मासुंदा तलावाचा काठ हा ठाणेकरांच्या मायेचा विषय आहे आणि माझाही आहे. गडकरी रंगायतनवरून चालत येऊन, कोपिनेश्वराचे दर्शन घेऊन, तलावाच्या कठड्याला टेकून बसण्यात जे सुख आहे ते विनामूल्यच आहे. कोपिनेश्वराची पिंड इतकी भव्य आहे की नातीने हात जोडण्याऐवजी आधी मान वर केली. परंतु संध्याकाळी तेथे गेलात तर फुगे, भेळ, कणीस, बर्फाचा गोळा, चमचमणारी भिंगरी आणि नौकाविहार अशी एकामागून एक नाकी उभी असतात आणि प्रत्येक नाक्यावर जकात द्यावी लागते. आमची तलावपाळीची पहिली विनामूल्य सहल दोनशे ऐंशी रुपयांना पडली. त्यानंतर आम्ही सकाळी सातला जाऊ लागलो. तेव्हा विक्रेते नसतात, पाणी शांत असते आणि बाकांवर जागा मिळते. संध्याकाळीच जायचे असेल तर घरून निघण्यापूर्वी मुलांना पोटभर खायला घालावे. हा उपाय निम्मा लागू पडतो.

आता ज्या ठिकाणासाठी हे सारे लिहायला बसलो त्याकडे येतो. नवी मुंबईत सीवूड्स-दारावे स्थानकाच्या बाजूला, दिल्ली पब्लिक स्कूल (डीपीएस) या शाळेच्या मागे असलेली पाणथळ जागा डीपीएस तलाव या नावाने ओळखली जाते. हिवाळ्याच्या सुरुवातीपासून मे महिन्यापर्यंत ठाणे खाडीत रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, मोठ्या संख्येने उतरतात आणि त्यांतील बरेच थवे या तलावावर विसाव्याला येतात. खाडीच्या काही भागाला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ साली ती महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, हे वर्तमानपत्रांतून सर्वांना ठाऊक आहे. जे फारसे कोणी सांगत नाही ते असे, की तलावावर पक्षी कधी दिसतील हे घड्याळावर नव्हे, भरती-ओहोटीवर ठरते. ओहोटीला खाडीतील चिखल उघडा पडतो व रोहित तेथे चरत असतात. भरतीचे पाणी चढून चिखल झाकला गेला की ते थव्याथव्याने उडून अशा तलावांवर येऊन उभे राहतात. आम्ही पहिल्यांदा ओहोटीच्या वेळी गेलो होतो. तेव्हा दोन बगळे, एक खंड्या आणि भरपूर डास एवढेच पाहून परतलो.

दुसऱ्यांदा मी कोकणातली जुनी रीत वापरली. तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, हे माझे आजोबा सांगत. चतुर्थीला चाराचे पाऊणपट म्हणजे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच, आणि सुमारे बारा तासांच्या अंतराने येणाऱ्या दोन्ही भरतींच्या वेळा त्यातूनच निघतात. खाडीत आत पाणी पोहोचायला थोडा अधिक वेळ लागतो, तेवढी सूट ठेवावी. शाळेत छडीच्या धाकाने पाठ केलेला पाउणकीचा पाढा आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडला. नातवाला तो शिकवताना एकाची पाऊण, दोनाचे दीड, तिनाचे सव्वादोन इथपर्यंत त्याची गाडी चालली आणि पुढे त्याने मोबाइलमध्ये पाहायला सांगितले. त्यावर मी सांगितले की मोबाइलमध्ये भरतीचे कोष्टक जरूर मिळते, परंतु आजोबांच्या आजोबांकडे मोबाइल नव्हता. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: अष्टमीच्या आसपास भरती भांगाची असते, पाण्याला जोर नसतो, चिखल पुरता बुडत नाही आणि पक्षी खाडीतच रेंगाळू शकतात. म्हणून द्वादशीची सकाळ आम्हाला सर्वांत सोयीची वाटली, कारण पाण्याला पुरेसा जोर असतो आणि ऊनही तापलेले नसते.

होळीच्या आधीच्या रविवारी अशी द्वादशी आली. ठाण्याहून पनवेलला जाणारी गाडी ठाण्यातूनच सुटत असल्यामुळे चौघांनाही बसायला जागा मिळाली. नातीला पाच वर्षे पूर्ण नसल्याने तिकीट लागत नाही आणि नातवाला अर्धे लागते, तेव्हा सहल पूर्णपणे विनामूल्य नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. गाडी सुटेपर्यंतच्या वेळात १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या प्रवासी गाडीची गोष्ट सांगून झाली. चौदा डबे, सुमारे चारशे प्रवासी आणि साहिब, सिंध व सुलतान ही तीन इंजिने यांपैकी नातवाच्या लक्षात फक्त सुलतान राहिला. सगळ्यांना खिडकी मिळाली होती का, हा त्याचा प्रश्न मात्र अजून अनुत्तरित आहे.

तलावावर पोहोचलो तेव्हा साडेआठ झाले होते आणि पाण्यात मोजके पन्नास-साठ पक्षी होते. त्यानंतरच्या अर्ध्या तासात जे घडले ते मी या वयात पहिल्यांदाच पाहिले. खाडीच्या दिशेने एक बारीक तुटक रेघ उठली, ती जवळ आली तसे तिचे पक्षी झाले, मान पुढे आणि पाय मागे सरळ ताणलेले, जणू कोणी गुलाबी काठ्यांना पंख लावले आहेत. बसलेल्या रोहितात न दिसणारा पंखांचा काळा रंग उडताना दिसतो आणि एकत्र थवा वळला की आकाशात काळे-गुलाबी उघडझाप होते. उतरल्यावर पाण्यावर चार पावले धावून ते थांबत आणि लगेच माना खाली घालून चोच उलटी करून पाणी गाळू लागत. रोहित डोके उलटे धरून खातो, पाण्यातील सूक्ष्म शेवाळ चोचीतल्या गाळणीने टिपतो आणि त्या अन्नातील रंगद्रव्यामुळेच तो गुलाबी होतो, हे मी आदल्या रात्री वाचून ठेवले होते. म्हणून थव्यातील मळकट करड्या पक्ष्यांकडे बोट दाखवून नातवाने "आबा, हे आंघोळ करत नाहीत का?" असे विचारले तेव्हा, ती पिल्ले असून गुलाबी व्हायला त्यांना दोन-तीन वर्षे लागतील, हे उत्तर तयार होते. त्यांचा गुडघा उलटा का वळतो, हा पुढचा प्रश्नही अपेक्षित होता. तो गुडघा नसून घोटा असतो आणि खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो, हे ऐकल्यावर हिने माझ्या गुडघ्याकडे पाहून तोही कुठे तरी लपवता आला असता तर बरे झाले असते, असे म्हटले.

नातीला पक्ष्यांत फारसा रस नव्हता. ती बांधाच्या कडेला बिळातून डोकावणाऱ्या एका इवल्याशा खेकड्यासमोर उकिडवी बसली आणि तो बाहेर आला की "आला", आत गेला की "गेला" असे सांगत तिने जवळजवळ अर्धा तास काढला. दुर्बीण शेजाऱ्यांकडून मागून आणली होती, तिचा उपयोग नातवापेक्षा आम्हीच अधिक केला.

या ठिकाणाच्या उणिवा मोठ्या आहेत आणि त्या सांगणे आवश्यक आहे. ही बाग नसून पाणथळ जागा असल्याने बाक, सावली वा स्वच्छतागृह यांची अपेक्षा ठेवू नये. आम्ही दोन घडीच्या खुर्च्या नेल्या होत्या, त्यामुळेच दीड तास टिकलो. टोपी, पाणी व डासांचे मलम हवेच, आणि स्थानकावरच सर्वांनी स्वच्छतागृहात जाऊन यावे. मुलांना आधी बजावून ठेवावे की टाळ्या वाजवून किंवा खडे मारून थवा उडवायचा नाही. आमच्या शेजारी एक गृहस्थ चांगल्या छायाचित्रासाठी नेमके तेच करत होते. खाडीचे पाणी तलावात येण्याचे मार्ग बुजले तर पक्षी पाठ फिरवतात आणि त्यासाठी नवी मुंबईतील निसर्गप्रेमींना वर्षानुवर्षे भांडावे लागले आहे. माझ्या तिन्ही कसोट्यांवर हे ठिकाण नापास होते. तरीही वर्षभरात सर्वांत चांगली सकाळ कोणती, असे विचारले तर मी हीच सांगेन आणि माझ्या कसोट्यांना तेवढ्यापुरते बाजूला ठेवेन.

परतताना नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई येथे थोडे थांबलो. ज्या पाण्याभोवती हा फिरण्याचा मार्ग आहे तो शहराचा धारण तलाव आहे. नवी मुंबईचा बराच भाग भराव घातलेल्या सखल जमिनीवर वसलेला असल्याने, भरतीच्या वेळी झडपा बंद होऊन खाडीचे पाणी बाहेर अडवले जाते, पावसाचे पाणी अशा तलावांत साठते आणि ओहोटीला ते खाडीत सोडले जाते. सकाळी पाहिलेली भरती नातवाला येथे पुन्हा भेटली. बसायला जागा आहे, चालायला सपाट आहे, आणि गुडघ्याचा विचार केला तर हे ठिकाण तलावपाळीपेक्षाही सुखाचे आहे.

खारघरचे सेंट्रल पार्क प्रशस्त आहे, समोर डोंगर आहेत, मुलांना धावायला मोकळे मैदान आहे, आणि एवढे मोठे आहे की शेवटपर्यंत जाण्याचा आग्रह आजी-आजोबांनी धरू नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली बेलापूर ते पेंधर मेट्रो उद्यानाजवळच्या स्थानकावर थांबते. आमच्या नातवंडांनी उद्यानापेक्षा मेट्रोलाच अधिक गुण दिले, आणि तिला तिकीट आहे. वाशीच्या मिनी सीशोरवर संध्याकाळचा वारा चांगला असतो. बाकी तेथेही तलावपाळीसारखीच जकात आहे.

एका उद्यानाचा अनुभव नाव न घेता लिहितो. फलक नवा होता, झोपाळे रंगवलेले होते, प्रवेश विनामूल्य होता आणि स्वच्छतागृहाला कुलूप होते. किल्ली पहारेकऱ्याकडे आणि पहारेकरी चहाला गेलेला. नातीला घेऊन ही समोरच्या इमारतीत गेली, तेथील एका अनोळखी बाईंनी दार उघडून दिले व वर सरबतही दिले. विनामूल्य प्रवेशाचा फलक लावणाऱ्यांनी किल्लीची जागाही त्याच फलकावर लिहावी, एवढीच विनंती.

शेवटी जाण्यायेण्याविषयी. ठाण्याहून नवी मुंबईकडे रविवारी जायचे असेल तर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद, कोणत्या मार्गावर आहे ते शनिवारीच पाहून ठेवावे. आम्ही द्वादशी पाहिली, भरती पाहिली, पाण्याच्या बाटल्या आणि खुर्च्या घेतल्या, आणि मेगाब्लॉक पाहायचा राहिला. परतताना नेरूळच्या फलाटावर तासभर बसून राहिलो. फलाटावर बाक होते, पंखा होता आणि स्वच्छतागृह उघडे होते.