क्वार्ट्झचा ओटा पुसायचा कशाने: साबण, सोडा, स्पिरिट, व्हिनेगर की ब्लीच?

क्वार्ट्झच्या ओट्यात वजनाने साधारण ९० टक्के दगडाचा चुरा असतो. बाकीचं पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे चुरा धरून ठेवणारं प्लास्टिकसारखं चिकट द्रव्य, आणि रंग. चुरा मोह्स मापावर (कडकपणाचं १ ते १० चं माप) ७ इतका कडक, त्याला सहसा काही होत नाही. ओटा बिघडतो तो रेझिनपायी. म्हणून बाटली हातात घेताना रेझिनला ती सोसेल का, एवढंच बघायचं.

रोजच्यासाठी साबणच. १ लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा अर्धा चमचा पुरतो. त्या पाण्याने पुसा, मग साध्या पाण्याने, आणि शेवटी कोरड्या मायक्रोफायबर कापडाने. मधली पायरी गाळली की साबणाचा पातळ थर साचत जातो आणि ‘पॉलिश गेलं’ असं वाटू लागतं. खात्री करायची तर वीतभर जागा नुसत्या पाण्याने दोनदा पुसून कोरडी करा. तेवढाच तुकडा चमकला तर पॉलिश शाबूत आहे.

स्पिरिट की सोडा? डाग कशाचा, त्यावर ठरतं. मार्कर, स्टिकरचा चिकटा, न निघणारा तेलकटपणा यांवर स्पिरिट, म्हणजे ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते कापडावर घ्यायचं, ओट्यावर ओतायचं नाही. शेगडी बंद आणि खिडकी उघडी हवी. पेंट रिमूव्हर मात्र याच्या जागी कधीच वापरू नका, विशेषतः मिथिलीन क्लोराइड असलेलं. ते रेझिनच मऊ करतं.

चहा-कॉफीच्या वाळलेल्या डागाला खायचा सोडा बरा: ३ भाग सोडा, १ भाग पाणी, १० ते १५ मिनिटं लेप, मग ओल्या मऊ कापडाने हलक्या हाताने पुसणं. धुण्याचा सोडा चुकूनही नको. दिसायला तसाच, पण खायच्या सोड्याचा पीएच ८ च्या आसपास, तर धुण्याच्या सोड्याचा ११ च्या घरात, म्हणजे तो कितीतरी जास्त अल्कधर्मी आणि रेझिनला जाचक.

भांडं सरकवल्यावर उमटणाऱ्या करड्या रेघांनाही हाच लेप. लोक त्यांना ओरखडे समजून घाबरतात. नख आडवं फिरवून बघा. खाच लागली नाही तर ओट्याला काही झालेलं नाही, भांड्याच्या बुडाचा मऊ धातू झिजून वर बसलाय. मॅट ओट्यावर या रेघा जास्त उठून दिसतात.

व्हिनेगर नळाभोवतीच्या पांढऱ्या क्षारापुरतं ठेवा: निम्मं पाणी घालून, दोन मिनिटं, मग भरपूर पाण्याने धुवून. संगमरवराला ते खातं तसं क्वार्ट्झला खात नाही, पण रोज वापरायचं कारणही नाही.

ब्लीच आमच्या मते ओट्यापासून लांबच बरं. जास्त वेळ राहिलं तर रंग उडतो. गडद ओट्यावर तो फिकट डाग लगेच दिसतो आणि परत भरून येत नाही. व्हिनेगरसोबत तर मुळीच नको, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. ओव्हन क्लीनर आणि मोरी मोकळी करायची रसायनं याहून वाईट. त्यांतला कॉस्टिक सोडा रेझिनची रासायनिक बांधणीच तोडतो आणि पृष्ठभाग पांढुरका, खरखरीत होतो.

घासण्यांत मऊ कापड पहिलं, स्पंज दुसरा. तारेची घासणी नकोच. पांढरा ‘मॅजिक’ स्पंज मऊ लागतो म्हणून फसवतो. तो बारीक पॉलिश पेपरसारखा काम करतो. चकचकीत ओट्यावर मंद ठिपका पडतो, मॅटवर उलट चकाकी येते. तिरक्या उजेडात दोन्ही दिसतात.

सीलरचा, म्हणजे दगडाची छिद्रं बुजवणाऱ्या द्रवाचा, खर्च करू नका. ग्रॅनाइटला तो लागतो, कारण त्यात बारीक छिद्रं असतात. क्वार्ट्झमध्ये तो मुरत नाही, वरच राहून पट्टे पाडतो.

उष्णतेचं मात्र कुठल्याही बाटलीत उत्तर नाही. रेझिन साधारण १५० अंश सेल्सिअसच्या पुढे धोक्यात येतं, आणि आचेवरून उतरवलेलं भांडं त्याहून बरंच तापलेलं असू शकतं. शेगडीसाठी कापलेल्या कोपऱ्यांशी तडा जायची भीती सर्वांत जास्त, त्यामुळे भांड्याखाली जाड स्टँड हवाच. पिवळट किंवा पांढरट गोल उमटला असेल तर ते भाजलेलं रेझिन आहे. त्यावर क्लीनर बदलून बघत बसू नका. जितकं घासाल तितकी आजूबाजूची चमकही जाईल. दगडाचं पॉलिश करणाऱ्या जाणकाराला आधी दाखवा.