सांचेझ, गार्सिया, फर्नांडेझ: स्पेनच्या सरकारी आडनाव-शोध सेवेचं परीक्षण

स्पेनच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या, म्हणजे आयएनईच्या, संकेतस्थळावर आडनाव शोधायची सोय आहे. पैसे लागत नाहीत, नोंदणी करावी लागत नाही. आडनाव टाकलं की ते स्पेनमध्ये किती लोकांचं आहे आणि कोणत्या प्रांतात जास्त सापडतं, ते समोर येतं. स्पेनमध्ये तयार होत आलेल्या सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानांचा कारखाना बडोद्यात उभा राहिला. त्यामुळे हॉटेलचं रजिस्टर, भाडेकरार किंवा शाळेचा अर्ज भरताना ज्यांना स्पॅनिश नावाशी गाठ घालावी लागते, त्यांनी ही सेवा नीट समजून घ्यावी. दांडिया बाजारात बसून कागदपत्रांचं भाषांतर करणाऱ्याला तर ती हाताशी हवीच.

मात्र शोधायचं काय, हे आधी ठाऊक हवं. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी त्या कारखान्याच्या उद्घाटनाला आलेल्या स्पेनच्या पंतप्रधानांचं पूर्ण नाव पेद्रो सांचेझ पेरेझ-कास्तेहोन. यात पेद्रो हे नाव, सांचेझ हे वडिलांकडून आलेलं पहिलं आडनाव आणि पेरेझ-कास्तेहोन हे आईकडून आलेलं दुसरं. आपल्याकडे शेवटचा शब्द आडनाव आणि मधला वडिलांचा, ही सवय इतकी मुरलेली की कारकून सरळ ‘पेरेझ-कास्तेहोन पेद्रो सांचेझ’ असं उलटवून लिहितो. मग तोच माणूस एका फायलीत ‘प’खाली आणि दुसरीत ‘स’खाली जातो. शंका आली तर पासपोर्टच्या तळाशी असलेल्या यंत्रवाचनाच्या दोन ओळी पाहाव्यात. पहिल्या ओळीत देशाच्या तीन अक्षरांनंतर दोन्ही आडनावं येतात, त्यांच्यामध्ये एकच कोनचिन्ह (<) असतं. लागोपाठ दोन कोनचिन्हं आली की आडनावं संपली, पुढे व्यक्तीचं नाव. इतकं पाहिलं तर चूक होत नाही.

शाळेच्या अर्जात वेगळाच गोंधळ होतो. स्पेनमध्ये लग्नानंतर बाईचं आडनाव बदलत नाही. वडील सांचेझ गार्सिया, आई लोपेझ रुईझ, तर मूल साधारणपणे सांचेझ लोपेझ. घरातल्या तिघांची तीन वेगळी जोडआडनावं आणि तिन्ही बरोबर. ‘आईचं आडनाव जुळत नाही’ म्हणून अर्ज परत करू नये. आईचं आडनाव आधी लावायची मुभा १९९९च्या कायद्याने दिली. ३० जून २०१७पासून वडिलांचं आडनाव आपोआप पहिलं धरणंही थांबलं आणि क्रम आईवडिलांनीच नोंदवायचा असं ठरलं. एकाच जोडप्याच्या सगळ्या मुलांना क्रम मात्र एकच लागतो.

आता प्रत्यक्ष शोधाकडे. पान स्पॅनिशमध्ये आहे, इंग्रजीतही उघडतं. कळफलक रोमन ठेवावा, एका वेळी एकच आडनाव टाकावं. निकाल मोठ्या अक्षरांत आणि स्वरांवरच्या तिरप्या रेघांशिवाय येतात, म्हणून सांचेझमधल्या रोमन ‘a’वरची रेघ गाळली तरी चालतं. पण एनवर नागमोडी रेघ असलेलं ‘न्य’ हे स्पॅनिशमधलं स्वतंत्र अक्षर आहे. ते साध्या एनने लिहिलं की पेन्याच्या जागी पेना शोधलं जातं आणि ही दोन वेगळी आडनावं आहेत. हिमेनेझ तीन तऱ्हांनी लिहितात, जे, जी आणि एक्स यांनी सुरू करून. तिन्ही वेगळी टाकून पाहावीत, सेवा ती एकत्र करून देत नाही.

निकालात तीन आकडे येतात: पहिलं आडनाव म्हणून किती जणांचं, दुसरं म्हणून किती जणांचं आणि दोन्ही तेच असलेले किती. इथे बहुतेक जण तिन्हींची बेरीज करतात आणि फसतात. गार्सिया गार्सिया असा माणूस पहिल्या आकड्यातही असतो आणि दुसऱ्यातही. म्हणून पहिले दोन मिळवून तिसरा वजा करावा, तेव्हा त्या आडनावाची खरी माणसं मिळतात. गार्सिया हे स्पेनमधलं सर्वांत मोठं आडनाव. नुसतं पहिलं आडनाव म्हणून ते १४ लाखांहून अधिक लोकांचं आहे. सांचेझ पहिल्या दहांत येतं, ८ लाखांच्या वर. देशभरात २०पेक्षा कमी लोकांचं आडनाव असेल तर सेवा काहीच दाखवत नाही, गोपनीयता राखायला हे योग्यच आहे. त्यामुळे निकाल रिकामा आला म्हणजे आडनाव खोटं, असं समजू नये.

नकाशा हा या सेवेचा सर्वांत चांगला भाग. फक्त संख्या पाहिली तर माद्रिद आणि बार्सेलोना बहुतेक वेळा वर दिसतात, कारण तिथे माणसंच जास्त. दर हजारी प्रमाण पाहावं. फर्नांडेझ टाकलं की उत्तरेकडचं आस्तुरियास उठून दिसतं, रॉड्रिगेझ टाकलं की गॅलिसियातलं ओउरेन्से. आडनाव कुठल्या मातीत मुरलंय ते असं कळतं. स्पेनमध्ये राहणारे परदेशीही मोजणीत धरलेले असल्याने सिंग आणि कौरही सापडतात, म्हणजे यादीत आहे ते सगळं स्पॅनिश नव्हे.

उणीव एकच, पण मोठी: अर्थ आणि उगम इथे अजिबात मिळत नाही. सांचेझचा उगम सांगायला सोपा आहे. सांचो हे जुनं नाव, मूळ लॅटिन सांक्टुस, म्हणजे पवित्र. सांचेझ म्हणजे सांचोचा मुलगा. ‘एझ’ हा प्रत्यय नेमका कुठून आला यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण त्याचं काम उत्तर स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या जुन्या राजघराण्यात स्पष्ट दिसतं. इ.स. ९०५मध्ये गादीवर आलेला सांचो गार्सेस, त्याचा मुलगा गार्सिया सांचेझ, त्याचा मुलगा पुन्हा सांचो गार्सेस. आपल्या मधल्या नावासारखं हे पद दर पिढीला बदलत होतं. पुढे ते गोठलं आणि आडनाव झालं. म्हणून सगळे सांचेझ एका घराण्यातले असू शकत नाहीत. सांचो गावोगाव होते. सांझ आणि साएन्झ हीसुद्धा सांचोचीच पिलावळ, वालेन्सियात त्याचं सांचिस होतं. गार्सियाला असा सरळ उलगडा नाही. ते उत्तर स्पेनमधल्या बास्क भाषेतून आलं असावं असं मानतात, अस्वल की तरुण या अर्थावर वाद आहे. आडनावांचे अर्थ विकणारा जो कुणी एका ओळीत छातीठोक अर्थ सांगतो, त्याच्यावर विसंबू नये.

वसईचे लोपीस, गोन्साल्विस आणि गोव्याचे फर्नांडिस यांना स्पॅनिश समजण्याची चूक फार होते. ती पोर्तुगीज आडनावं, शेवटी झेड नाही तर एस. पोर्तुगीज पद्धतीत आईचं आडनाव आधी आणि वडिलांचं शेवटी असतं, म्हणजे स्पेनच्या उलट. फिलिपिनो पाहुण्याचंही तसंच: मधलं आईचं, शेवटचं वडिलांचं. तिथली स्पॅनिश आडनावं बरीचशी गव्हर्नर क्लावेरियाच्या १८४९च्या फर्मानानंतर छापील यादीतून वाटलेली आहेत, त्यांवरून स्पॅनिश वंश ठरवता येत नाही.

उच्चाराची मदतही सेवा करत नाही. मराठी वर्तमानपत्रांतला ‘झ’ स्पेनमध्ये कुणाच्याच तोंडी नाही. माद्रिदकडे तो ‘सांचेथ’च्या जवळ जातो, सेव्हिल शहरात आणि लॅटिन अमेरिकेत ‘सांचेस’. सी-२९५ सेव्हिलमध्ये तयार होत आलं आहे, तेव्हा तिथून आलेल्या पाहुण्याला ‘सेन्योर सांचेस’ म्हटलेलं आपलं वाटेल. जोर ‘सां’वर द्यावा, ती तिरपी रेघ त्याचसाठी असते. हर्नांडेझमधला एच मुका, म्हणजे ‘एर्नांदेस’.

आडनावाचं ‘राजचिन्ह’ छापून विकणाऱ्या दुकानांना पैसे देऊ नयेत. चिन्ह विशिष्ट व्यक्तीला किंवा घराण्याला मिळतं, आडनावाला नाही, आणि आठ लाख सांचेझांचं एक चिन्ह असूच शकत नाही. पूर्वज शोधायचेच असतील तर स्पॅनिश सरकारी अभिलेखांचं ‘पारेस’ हे मोफत दालन आहे. सेव्हिलच्या आर्काइव्हो दे इंडियासमधली, अमेरिकेला गेलेल्या प्रवाशांची कागदपत्रं त्यातून शोधता येतात. चर्चच्या बाप्तिस्मा नोंदींसाठी फॅमिलीसर्च, तिथे खातं उघडावं लागतं पण शुल्क नाही. दोन्हीकडे नुसतं सांचेझ टाकलं तर हजारो नोंदी अंगावर येतात. दोन्ही आडनावं आणि गावाचं नाव आधी मिळवावं, प्रांताचा अंदाज आयएनईच्या नकाशावरून घ्यावा आणि मगच तिकडे वळावं.