फ्लॅक: स्वतःची शुद्धता तपासू देणारी फाइल

सीडीवरचे संगीत संगणकात साठवण्यासाठी गेली काही वर्षे मी फ्लॅक हा ध्वनिप्रकार आणि त्याच नावाचे मोफत सॉफ्टवेअर वापरत आहे. जागा वाचते म्हणून त्याची शिफारस केली जाते. ते खरे असले, तरी माझ्या लेखी त्याचा मोठा गुण वेगळा आहे: साठवलेले संगीत मूळ स्थितीत आहे की बिघडले आहे, हे ही फाइल वर्षांनंतरही सांगू शकते.

सीडीवर डाव्या-उजव्या अशा प्रत्येक वाहिनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे ध्वनिलहरीची क्षणोक्षणी घेतलेली मोजमापे, असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. दोन वाहिन्यांचे मिळून सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. एमपी३ त्यातला कानाला जाणवणार नाही असा भाग टाकून देते. फ्लॅक काहीच टाकत नाही: आधीच्या काही नमुन्यांवरून पुढच्या नमुन्याचा अंदाज बांधते आणि अंदाज जितका चुकला तेवढा फरकच थोडक्या बिटांत लिहून ठेवते, त्यामुळे फाइल उलगडताना मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. ० ते ८ या संक्षेपनाच्या पातळ्यांमुळे फक्त आकार आणि लागणारा वेळ बदलतो. ८ वर आवाज अधिक चांगला येतो, हा समज निराधार आहे.

खात्रीसाठी मी एक ध्वनिमुद्रण फ्लॅकमध्ये नेले, पुन्हा उलगडले, त्याची कला (फेज) उलटी केली, म्हणजे प्रत्येक नमुन्याचे अधिक-उणे चिन्ह बदलले, आणि मुळाशी मिसळले. उरली ती निखळ शांतता. तोच प्रयोग सेकंदाला ३२० किलोबिटांच्या एमपी३वर, वेळ काटेकोर जुळवून केला, तेव्हा मागे झांजांची पातळ सळसळ आणि गायकाच्या 'स'काराचे भूत उरले. एरवी ऐकताना मला दोन्हींत फरक ओळखता आला नव्हता, हेही नमूद करायला हवे.

प्रत्येक फ्लॅक फाइलच्या आरंभी मूळ नमुन्यांचा एमडी५ ठसा, म्हणजे त्या सगळ्या आकड्यांवरून गणिताने काढलेली छोटी ओळखसंख्या, नोंदवलेला असतो. तो केवळ ध्वनीचा असल्यामुळे गायकाचे नाव किंवा मुखपृष्ठाचे चित्र बदलले, तरी तो बदलत नाही. चाचणीचा पर्याय देऊन सॉफ्टवेअर चालवले की ते फाइल पूर्ण उलगडून ठसा ताडून पाहते. अशाच एका तपासणीत माझ्या जुन्या हार्ड डिस्कवरची एक फाइल नापास झाली. त्या गाण्यात एके ठिकाणी आवाज क्षणभर तुटत असे आणि तो मूळ मुद्रणातलाच दोष आहे, असे मी कितीतरी दिवस धरून चाललो होतो! नमुन्यांच्या प्रत्येक गटाची (तो बहुधा ४,०९६ नमुन्यांचा, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही लहान असतो) उलगडणी आणि चूक ओळखणारी तपासणी-बेरीज स्वतंत्र असल्याने बिघाड तेवढ्यापुरताच राहिला होता. दुरुस्ती मात्र फ्लॅक करत नाही; त्यासाठी दुसरी प्रत लागते आणि सुदैवाने ती माझ्याकडे होती.

जॉश कोलसन यांनी घडवलेल्या या प्रकाराची १.० आवृत्ती २००१ मध्ये आली आणि डिसेंबर २०२४ मध्ये आरएफसी ९६३९ या इंटरनेट मानकांच्या मालिकेतल्या दस्तऐवजाच्या रूपाने त्याचे अधिकृत विवरण प्रसिद्ध झाले. ते सर्वांना खुले असल्याने उद्या आजचे सॉफ्टवेअर मिळेनासे झाले, तरी नवे लिहिता येईल.

मात्र ठशाची हमी मर्यादित आहे. ओरखडा पडलेली सीडी वाचताना ड्राइव्हने अंदाजाने भरलेले नमुने फ्लॅक तितक्याच निष्ठेने जपते. म्हणून प्रत्येक भाग निदान दोनदा वाचून पडताळणारे सॉफ्टवेअर प्रत काढतानाच वापरावे. वाजवण्याच्या टप्प्यावर तर ठशाच्या हमीचे काहीच चालत नाही. संगणकातले सगळे आवाज एकत्र करणारा ध्वनिमिश्रक सेकंदाला ४८,००० नमुन्यांवर बेतलेला असेल, तर सीडीच्या दर १४७ नमुन्यांचे १६० केले जातात, म्हणजे काटेकोरपणे जपलेले आकडे वाटेतच नव्याने मोजले जातात. माझ्या डॅकच्या (आकड्यांचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणाऱ्या उपकरणाच्या) पट्टीवर सीडीची गाणी लावूनही कित्येक महिने ४८ हाच आकडा दिसत होता आणि माझे तिकडे लक्षच नव्हते. प्लेअरमध्ये एक्स्क्लुझिव्ह मोड, म्हणजे मिश्रकाला वगळून डॅकचा ताबा एकट्या प्लेअरला देणारी सोय, सुरू केल्यापासून तिथे ४४.१ दिसतो; फक्त गाणे चालू असताना संगणकाचे बाकीचे सगळे आवाज बंद असतात.