कोस्टा रिका ते पनामा: जंगलाच्या कडेने जहाजप्रवास

यंदा मार्चमध्ये आम्ही उभयतांनी, वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका स्नेही दांपत्यासह, कोस्टा रिकाच्या पॅसिफिक किनाऱ्याने पनामा कालव्यापर्यंत जाणाऱ्या एका छोट्या आलिशान जहाजाने प्रवास केला. खोल्या प्रशस्त होत्या, सेवा तत्पर होती; मात्र पैसे खऱ्या अर्थाने सार्थकी लागले ते जहाजाबाहेर. ओसा द्वीपकल्पावर रबरी होडीतून गुडघाभर पाण्यात उतरून, १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या कोर्कोवादोच्या जंगलात शिरत असताना डोक्यावरून लाल मकाव पोपटांची जोडी ओरडत गेली, तो क्षण मी विसरणार नाही. विश्वामित्री नदीतल्या मगरी पाहत वडोदऱ्यात वाढलेल्या आम्हाला, खाऱ्या पाण्यातही वावरणाऱ्या अमेरिकन मगरीचे निमुळते तोंड आणि आपल्या मगरीचे रुंद तोंड यांतला फरक सोबतच्या निसर्गतज्ज्ञ बाईंनी फार आस्थेने समजावला.

पनामाच्या कोइबा बेटाने मला सर्वाधिक विचारात पाडले. १९१९ पासून २००४ पर्यंत तिथे कैद्यांची वसाहत होती. त्या भीतीने बाहेरचे कोणी फिरकले नाही, म्हणूनच जंगल शाबूत राहिले आणि २००५ मध्ये ते जागतिक वारसा ठरले. एवढ्या बेटासाठी अर्धाच दिवस ठेवणे मला अन्यायकारक वाटले.

शाकाहारी जेवणाचे आश्वासन आरक्षणाच्या वेळी मिळाले होते, पण ताटात बहुधा उकडलेल्या भाज्याच आल्या. इतक्या भाड्यात हे अक्षम्य आहे. होडीत चढ-उतार करावी लागत असल्याने, गुडघेदुखी असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.